मुंजाजीरावांचा गुरुवार

दर गुरुवारी दुपारी बरोबर चार वाजता मुंजाजीराव स्वतःच्या घरातली लाईट स्वतःच्या हाताने घालवतात. मेन स्विच खाली ओढायचा, दाराच्या आत खुर्ची टाकायची, मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवायचं आणि तासभर बसून राहायचं. मे महिन्यात आमच्या पूर्णेला ऊन असं असतं की कुत्री नळाखालच्या ओलीत जाऊन पडतात. मुंजाजीराव मात्र जागचे हलत नाहीत. बनियन भिजलेलं, हातात वारा घ्यायला पुठ्ठा. पाच वाजले की उठतात, स्विच वर करतात आणि घराच्या आत तोंड करून मोठ्याने म्हणतात, "आली गं, लाईट आली."

घरात कुणी नसतं. ते एकटे राहतात.

एकदा गुरुवारी पावणेचारलाच सगळ्या कॉलनीची लाईट गेली. आम्ही नेहमीसारखे वैतागलो, पण मुंजाजीराव आमच्याहून जास्त वैतागले. ते स्विचपाशी उभे, आणि घालवायला लाईटच नाही. तरी चारला त्यांनी स्विच खाली ओढला, पाचला वर केला आणि काही न बोलता बसून राहिले. साडेसहाला लाईट आल्यावर मग ते त्यांचं वाक्य म्हणाले. समोरच्या शिंदेवहिनी मला म्हणाल्या, "मॅडम, ह्या माणसाला कुणाला तरी दाखवायला पायजे."

मी पिंगळीच्या शाळेत गणित शिकवते. रोज पॅसेंजरने जाते, येते. रेल्वे क्वार्टरच्या मागे तीसेक घरांची आमची कॉलनी आहे, त्यात मी आणि माझी आई दोघीच राहत होतो. मुंजाजीराव आमच्या शेजारी आले ते रिटायर झाल्यावर. त्याआधी पस्तीस वर्षं ते जिंतूरकडच्या एका सबस्टेशनवर ऑपरेटर होते, म्हणजे कुठल्या भागाची लाईट कधी सोडायची आणि कधी बंद करायची ते बटण यांच्या हातात. बायको दम्याच्या आजाराने गेलेली, एवढीच माहिती त्यांनी आम्हाला दिली होती. गळ्यात तुळशीची माळ आणि त्याच माळेच्या जोडीने सुतळीत ओवलेली छोटी बॅटरी. आंघोळीलाही ती काढत नसावेत असा माझा अंदाज आहे.

त्यांच्या तोंडी एक शब्द कायम असतो, "धरून चला." कुणी म्हणावं, काका, आज ऊन छान पडलंय. की हे म्हणणार, "धरून चला, सांच्याला वारं सुटलं आन पोल पडला." तुम्ही भाजी घेऊन घरी निघालेले असता, हातात पिशव्या, आणि हे फाटकाशी उभे राहून विचारतात, "धरून चला, लाईट आता गेली. काडेपेटी कुठं हाय, हात लावून दाखवा." मी एकदा रागाने दाखवायला गेले. काडेपेटी सापडली, आत एकही काडी नव्हती. ते काही बोलले नाहीत, खिशातून नवी काढून गॅसशेजारी ठेवून गेले. बोलले असते तर मी भांडले तरी असते.

पाण्याच्या बाबतीत तर विचारू नका. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, कधी दहा. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घागरीपासून वाटीपर्यंत घरातलं सगळं भरून निघतं आणि आठवा दिवस उजाडेपर्यंत सगळं रिकामं झालेलं असतं. मुंजाजीरावांना हे बघवेना. एका रविवारी ते लाल ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन निघाले आणि प्रत्येकाच्या टाकीवर, ड्रमवर खालून वीतभर उंचीवर रेघ ओढत सुटले. म्हणाले, "ह्या रेघंखालचं पाणी तुमचं न्हाई. ते येळेचं हाय." शिंदेवहिनींची टाकी नवी होती, स्टीलची, माहेरहून आलेली. वहिनींनी थिनर आणून रेघ पुसली. यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढली. चार महिने बोलणं बंद होतं. मग एकदा पंपहाऊसच्या मोटारी बिघडल्या आणि चौदा दिवस पाणी आलं नाही. बाकीच्यांनी रेघेखालचं पाणी कधीच वापरून टाकलं होतं, चौदाव्या दिवशी अख्ख्या कॉलनीत शिंदेवहिनींकडेच प्यायला पाणी होतं. त्यांनी ते दिलंही सगळ्यांना, आणि मग मुंजाजीरावांना निरोप धाडला की रेघ जरा वर ओढायला पाहिजे होती.

असा हा माणूस. लोक हसायचे आणि ऐकायचे. पण एका गोष्टीवर हसणं कमी आणि कुजबुज जास्त होती, ती म्हणजे त्यांचा इन्व्हर्टर. भला मोठा, दोन बॅटऱ्यांचा. बैठकीत मधोमध ठेवलेला, त्यावर क्रोशाने विणलेलं पांढरं झाकण. दर आठवड्याला बॅटरीतलं पाणी बघायचं, टोकं पुसायची. पण त्यावर पंखा लावायचा नाही, बल्ब लावायचा नाही. लाईट गेली की सगळ्या कॉलनीसारखे तेही घामाने निथळत बसणार आणि इन्व्हर्टर शेजारी भरलेला. बँकेतले वायाळ म्हणायचे की काकांनी तो पुजायला ठेवलाय.

मग आमच्या घरी मशीन आलं.

आईची फुप्फुसं थकली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी ऑक्सिजनचं मशीन लावा, दिवसातले सोळा तास. लाईटवर चालणारं, फ्रिजसारखं घूं घूं करणारं. टेम्पोतून ते उतरवून तासही झाला नव्हता तोच मुंजाजीराव वही घेऊन दारात. मला वाटलं, आईची चौकशी करतील. त्यांनी विचारलं, "किती वॅटचं हाय?"

त्या दिवसापासून आमचाही गुरुवार बिघडला. स्वतःचा तास संपवून पाच वाजता ते आमच्याकडे यायचे, न विचारता आमचा मेन स्विच बंद करायचे आणि घड्याळ बघत उभे राहायचे. मशीन बंद पडलं की मी पळत जाऊन ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरची चावी फिरवायची, आईच्या नाकातली नळी तिकडे जोडायची आणि "झालं" म्हणायचं. पहिल्यांदा मला चार मिनिटं लागली. गणिताच्या बाईला चार मिनिटं. त्यांनी वहीत लिहून घेतली. मला त्यांचा इतका राग यायचा की काय सांगू. दिवसभर पोरांसमोर ओरडून यावं आणि घरी आल्यावर आपलीच परीक्षा.

आईला मात्र गुरुवार आवडायला लागला. साडेचारपासून ती तयारीला लागे. चांगलं लुगडं नेसवून घेई, केस विंचरून घेई. सराव झाला की मला मुरमुऱ्यांचा सुशीला करायला लावून म्हणे, "भाऊ, खाऊन जावा. तुमच्यामुळं माझी लेक पळायली तरी." मुंजाजीराव बशी हातात घेऊन मशीनशेजारीच खाली बसायचे, त्याची घूं घूं ऐकत. खाताना त्यांचं लक्ष बशीत नसायचं. तिसऱ्या महिन्यात माझी वेळ चाळीस सेकंदांवर आली.

त्याच सुमाराला मारुतीच्या देवळात कॉलनीची बैठक झाली. पावसाळा तोंडावर होता आणि मुंजाजीरावांचा आग्रह होता की लाईट-पाणी दोन-तीन दिवस गेलं तर कुणाच्या घरी आधी धावायचं ते सगळ्यांना माहीत पाहिजे. त्यांनी लांब रेघांची वही आणली होती. घराचा नंबर, माणसाचं नाव, गरज काय, कोण जाणार. वायाळांनी ती सहज हातात घेतली आणि पहिलं पान मोठ्याने वाचलं. पहिला नंबर, मुंजाजीरावांचं घर. गरज, इन्व्हर्टर, ताबडतोब. दुसऱ्या नंबरावर माझी आई.

देवळात हसू पिकलं. कुणी म्हणालं, बघा, जगाची काळजी, पण आधी आपला पंखा. पहिल्या ओळीत नावही होतं, पण ते कुणी वाचलं नाही, वायाळांनीही नाही आणि मीही नाही. मला हसू आलं नव्हतं. मला संताप आला होता. माझी आई नळीवर जगते, आणि हा धडधाकट माणूस स्वतःला तिच्या वर लिहितो. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "काका, सबस्टेशनवर असतानाही पहिली लाईट स्वतःच्याच घरी सोडत होतात का?"

लोक आणखी हसले. मुंजाजीरावांनी वायाळांच्या हातून वही घेतली, मिटली. "न्हाई," एवढंच म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. पुढच्या गुरुवारी पाच वाजता मात्र नेहमीसारखे आले, मेन स्विच बंद केला आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. मी सिलिंडर जोडला आणि "झालं" म्हणाले. माझं बरोबरच आहे अशी माझी खात्री होती.

भाद्रपदात दोन दिवस पाऊस थांबेना. नदी फुगली, रेल्वे बंद, नांदेडचा रस्ता बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमाराला लाईट गेली आणि मशीन बंद पडलं. त्याची घूं घूं थांबली की घरात किती शांतता होते ते त्या दिवशी कळलं. मी चाळीस सेकंदांत सिलिंडर लावला. सिलिंडर चार तासांचा होता. वायरमनचा फोन आला की मेन लाईनचे पोल आडवे झालेत, आज काही खरं नाही. मी आईकडे बघत उभी होते आणि ती माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होती.

तेवढ्यात दारात हातगाडा थांबला. भर पावसात मुंजाजीराव आणि वायाळ. गाड्यावर ताडपत्रीखाली तो इन्व्हर्टर, दोन्ही बॅटऱ्या, आणि वर घडी करून ठेवलेलं क्रोशाचं झाकण, भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत. दहा मिनिटांत त्यांनी वायरी जोडल्या आणि मशीन पुन्हा घुमायला लागलं. मग खाली बसून मला समजावलं. हे संध्याकाळपर्यंत पुरेल. त्याच्या आत मंडपवाल्याचा जनरेटर येईल, डिझेल भरलेलं आहे, त्याच्याशी उन्हाळ्यातच बोलून ठेवलंय. तोवर सिलिंडर बंद ठेवा, तो शेवटचा. सगळं त्यांच्या वहीत होतं, दुसऱ्या ओळीपुढे, बारीक अक्षरात.

वायाळ गेले. मुंजाजीराव बॅटरीच्या काट्याकडे बघत भिंतीशी बसून राहिले. मी चहा टाकायला आत गेले, आणि आईचा आवाज ऐकला. तिला एक वाक्य बोलायला दोनदा थांबावं लागायचं.

"भाऊ, वहीत पयला नंबर तुमच्या घराचा हाय म्हणत्यात. मग हे सामान माझ्याकडं काऊन आणलं?"



"पयला नंबर माझा न्हाई," ते म्हणाले. "सुमनचा हाय, माझ्या बायकूचा. तिला हेच मशीन व्हतं."

चहाला उकळी आली होती. मी गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहिले.

ते सांगत होते ते वहीतल्यासारखंच, एकेक नोंद. गुरुवार होता. वादळ झालं आणि चारला सगळ्या लायनी गेल्या. अशा वेळी सगळी लाईट एकदम सोडता येत नाही. लाईनमन एकेक लाईन फिरून बघतात, फोन करतात, मग ऑपरेटरने क्रमाने सोडायची. दवाखाना पहिला, पाणीपुरवठा दुसरा, मग बाजार. यांचं घर गावाबाहेर, शेतीच्या लाईनवर. तिचा नंबर शेवटचा.

"तिचा फोन आला. म्हणली, मशीन बंद पडलंय. मी म्हणलं, आपला नंबर शेवट हाय, धीर धर. साडेचारला आमच्या लाईनीवरून खबर आली, लाईन चांगली हाय म्हणून. पन बाजाराची राहिली व्हती. बटन माझ्या हाताखाली व्हतं. म्या दाबलं न्हाई."

"घरात दुसरा इंतजाम न्हवता का?" आईने विचारलं.

"न्हवता. ती म्हणायची, इन्व्हर्टर घेऊ. मी म्हणायचो, सबस्टेशनवाल्याच्या घरी इन्व्हर्टर बघून लोक हसतील." ते थांबले. "पाचला आमची लाईन सोडली आन घरी फोन लावला. रिंग जायली, जायली. कुणी उचलंना. मी त्या रिंगमंदीच म्हणलं, आली गं, लाईट आली."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. आई काय म्हणेल याची मला भीती वाटत होती. तिला गोड बोलून कुणाचं दुःख झाकलेलं आवडायचं नाही. ती म्हणाली, "दवाखान्यात कुणी असंल ना भाऊ त्या टायमाला."

"व्हतं. बाळंतीण व्हती. मी मागून जाऊन इचारलं. दोघंबी बरी हायेत."

"मग झालं तर," आई म्हणाली. आणि मग जरा वेळाने, "तरी तुमी दाबायला पायजे व्हतं भाऊ."

"व्हय," मुंजाजीराव म्हणाले.

मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते आणि मारुतीच्या देवळात मी विचारलेला प्रश्न शब्दन्‌शब्द माझ्या कानात वाजत होता. आयुष्यात मी पोरांच्या पुष्कळ चुका काढल्या. इतकी मोठी चूक मी स्वतः कधी केली नव्हती. संध्याकाळी जनरेटर लावून झाल्यावर मी धीर करून म्हणाले, "काका, त्या दिवशी देवळात मी..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. विचारलं, "सिलिंडरची चावी जागेवर ठेवली का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट आली. आई त्यातून निभावली. इन्व्हर्टर परत न्यायला मुंजाजीराव तयार होईनात, तो आमच्याकडेच राहिला, क्रोशाच्या झाकणासकट.

आई माघात गेली. सकाळी, उजेडात. लाईट होती, मशीन चालू होतं, इन्व्हर्टर भरलेला होता, सिलिंडर भरलेला होता, टाकीतलं पाणी लाल रेघेच्या वर होतं. सगळं जागच्या जागी होतं आणि मी तिचा हात धरून बसले होते, तरी ती गेली. मशीन त्यानंतरही चालतच राहिलं. ते बंद करायला माझा हात धजेना. मुंजाजीरावांनी येऊन बंद केलं.

तेरावा झाला. पाहुणे गेले. त्यानंतरच्या गुरुवारी पाच वाजता दार वाजलं. मुंजाजीराव वही घेऊन उभे होते. ते आत आले, आईच्या कॉटकडे न बघता खाली बसले, पहिलं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. पेन काढून त्याचं टोपण उघडलं.

"माणूस न्हाई राहिलं की ओळ खोडायची असती मॅडम. नियम हाय. न्हाईतर येळंला कुणीतरी रिकाम्या घराकडं पळतं." पेन त्यांनी माझ्याकडे धरलं. "माझ्याच्यानं न्हाई व्हायलं. तुमी खोडा."

मी ते पान पहिल्यांदा नीट वाचलं. पहिल्या ओळीत त्यांच्या वळणदार अक्षरात नाव होतं, सुमन मुंजाजी. 'कोण जाणार' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'मी'. दुसऱ्या ओळीत माझ्या आईचं नाव.

"पहिली खोडली का तुम्ही?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग ही पण राहू द्या."

त्यांनी टोपण लावलं. मी सुशीला केला, त्यांनी खाल्ला. मशीन परत गेलेलं होतं, तरी ते त्याच्या मोकळ्या जागेशेजारीच बसले होते. जाताना म्हणाले, "लय मीठ पडलं." आई असती तर तिनेही हेच म्हटलं असतं. मी दार लावून घेतलं आणि खूप रडले, तेरा दिवसांत रडले नव्हते इतकी.

आता गुरुवारी मी शाळेतून लवकरची गाडी धरते. हेडमास्तरांना कारण सांगत नाही, सांगून पटणारही नाही. चारच्या आत मुंजाजीरावांच्या घरी पोचते. ते मेन स्विच खाली ओढतात. दाराच्या आत आता दोन खुर्च्या असतात. आम्ही तासभर बसतो. साडेचार वाजले की ते घड्याळ मांडीवर पालथं घालतात आणि उरलेला अर्धा तास हाताच्या मुठी आवळून बसतात. मी समोर बघत राहते. पहिल्या गुरुवारी मला वाटलं होतं की काहीतरी बोलावं, समजूत घालावी. कसली घालणार? आईने सांगितलं होतं तेच खरं होतं, दोन्ही बाजूंनी.

पाच वाजतात. ते उठून स्विच वर करतात. पंखा कुरकुरत फिरायला लागतो. मग ते आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणतात, "आली गं, लाईट आली."

"हो, आली," मी म्हणते.